गरोदरपणातील कशाय आणि हर्बल चहा: पेला भरण्यापूर्वी काय पाहावे

गोव्यात घरातल्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेल्याचे कळले की चार-आठ दिवसांत स्वयंपाकघरात काही ना काही उकळू लागते. सकाळी मळमळते म्हणून आल्याचे पाणी, पोट फुगते म्हणून ओवा आणि बडीशेप, पावसाळी सर्दीसाठी तुळस-मिऱ्यांचा कशाय (मसाले किंवा पाला पाण्यात उकळून केलेले गरम पेय), शिवाय शेजारच्या काकींनी परसातून आणून दिलेली गवती चहाची पात. यामागे माया असते, पिढ्यांचा अनुभवही असतो, आणि म्हणूनच नव्याने गरोदर राहिलेल्या मुलीला पेला नाकारणे जड जाते. हा लेख तिच्यासाठी आहे, आणि तितकाच तो पेला भरून देणाऱ्या सासूबाईंसाठी, आईसाठी व वहिनीसाठीही आहे.

माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे की पेल्यात काय आहे हे नावानिशी आणि किती आहे हे मापाने सांगता येत नसेल, तर तो पेला गरोदरपणात पिऊ नये. झाडपाला नैसर्गिक असतो म्हणून निरुपद्रवी असतो असे नाही. औषधी वनस्पतीत गुण असतो याचाच अर्थ तिच्यात शरीरावर परिणाम करणारे द्रव्य असते, आणि आईच्या रक्तात उतरलेली अनेक द्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा, हातपाय यांची घडण मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते, त्यामुळे त्या काळात ही काळजी सर्वांत कडक असावी.

पहिली पायरी: प्रत्येक घटकाचे नाव कागदावर लिहावे

घरी कशायाची पूड असेल तर ती कोणी, केव्हा आणि कशाकशाची केली हे विचारून घ्यावे. आपल्याकडील नेहमीच्या पुडीत धणे, जिरे, बडीशेप, मिरी, सुंठ आणि थोडी मेथी असते, पण प्रत्येक घराची पद्धत वेगळी असते. कोणी त्यात ज्येष्ठमध घालते, कोणी पिंपळी, कोणी आणखी एखादे मूळ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावच्या जत्रेत सुटी मिळणारी मुळे आणि साली केवळ विकणाऱ्याने सांगितलेल्या नावावर घेऊ नयेत. एकाच नावाने दोन वनस्पती विकल्या जाणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. जास्वंदीच्या चहाच्या पाकिटात बहुधा लाल अंबाडीच्या फुलांचा भाग असतो, तो परसातल्या जास्वंदीचा नसतो. नावाचा असा घोळ असताना प्रमाणाविषयी बोलण्यात अर्थ राहत नाही.

पाकीटबंद चहा असेल तर पुढची चित्रे न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटकांची पूर्ण यादी आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक तेथे असला पाहिजे. ‘खास मिश्रण’ किंवा ‘औषधी वनस्पतींचा अर्क’ एवढेच लिहिले असेल, तर ते पाकीट बाजूला ठेवावे. ‘डिटॉक्स’, ‘स्लिम’ अशा नावांच्या चहात पुष्कळदा सोनामुखी असते. ती तीव्र रेचक आहे, जुलाब होऊन अंगातील पाणी आणि क्षार कमी होतात, आणि गरोदरपणात ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. वजन कमी करण्याचा कोणताही चहा या नऊ महिन्यांत घरात नसलेलाच बरा.

ग्रीन टीविषयी येथेच सांगून टाकतो. तो हर्बल चहा नाही, नेहमीच्या चहाच्याच झाडाच्या पानांपासून तो तयार होतो आणि त्यात कॅफिन असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तर १५० मिलिलिटर ताज्या उकळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते. गरोदर स्त्रीने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असा सल्ला अनेक देशांतील प्रसूतितज्ज्ञ देतात. सकाळी पावासोबत दोन कप चहा, दुपारी एक आणि मध्ये ‘आरोग्यासाठी’ ग्रीन टी अशी बेरीज केली तर ही मर्यादा कधी गाठली जाते ते लक्षातही येत नाही.

दुसरी पायरी: चहा आणि काढा यांतला फरक ओळखावा

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो येथे. गरम पाण्यात दोन पाने चुरगाळून टाकली, पाच मिनिटे झाकून ठेवली आणि गाळून घेतली, तर ते पातळ पेय होते. तीच पाने मूठभर घेऊन चार पेले पाण्याचा एक पेला होईपर्यंत आटवली तर तो काढा होतो, आणि काढा हे औषध आहे. आयुर्वेदाच्या परंपरेत काढ्याचे एक प्रचलित प्रमाण असे आहे की औषधाच्या सोळापट पाणी घ्यावे आणि ते आठव्या हिश्शापर्यंत आटवावे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही काढ्याकडे पेय म्हणून पाहिले नाही. वैद्याने नाडी पाहून, दिवस मोजून द्यायची ती वस्तू होती.

याच कारणाने ‘आम्ही रोज आमटीत घालतो, मग कशायात का चालू नये?’ या प्रश्नाचे उत्तर प्रमाणात दडलेले आहे. आमटीत पडणारी चिमूटभर मेथी घरातल्या पाच जणांच्या ताटात वाटली जाते. कशायातली चमचाभर मेथी एकाच स्त्रीच्या पोटात जाते, तीही रोज. जेवणात मसाला म्हणून येणारे धणे, जिरे, बडीशेप, ओवा, मेथी, दालचिनी यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र यांपैकी कोणत्याही वस्तूचा दाट काढा आठवड्यांमागून आठवडे पिऊ नये. मेथीमुळे रक्तातील साखर उतरते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेचा गर्भाशयावर परिणाम दिसला आहे. बडीशेपेत एस्ट्रागोल नावाचे द्रव्य असते, ज्याचे औषधी प्रमाणातील सेवन गरोदरपणात टाळावे असे युरोपातील औषध नियामकांचे मत आहे. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी पुष्कळदा कॅसिया जातीची असते, आणि तिच्यातील कुमारिन जास्त झाल्यास यकृताला त्रास होऊ शकतो.

तिसरी पायरी: ज्यांना ठाम नकार द्यायचा, त्या वनस्पती ओळखाव्यात

अडुळशापासून सुरुवात करतो, कारण तो आपल्या दारात आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत कित्येक घरांच्या कुंपणाला अडुळसा लावलेला असतो आणि खोकला झाला की पाने खुडली जातात. काही वर्षांपूर्वी जूनच्या ऐन पावसात आमच्या वहिनीला, चौथा महिना चालू असताना, कोरडा खोकला लागला. शेजारच्या काकी छत्री सावरत ओचाभर पाने घेऊन आल्या. पितळी टोपात पाने, आल्याचा तुकडा, दहा-बारा मिरी आणि गुळाचा खडा पडला, आणि पाणी हिरवट काळे होईपर्यंत आटू लागले. त्या कडू वासाने वहिनीला उलटीची भावना झाली म्हणून ती अंगणात जाऊन उभी राहिली, आणि तेवढ्यात आईला वाटले की एकदा डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारावे. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘पेला प्यायलात का?’ हा. नाही म्हटल्यावर त्यांनी टोप खाली उतरवायला सांगितले आणि खोकल्यासाठी त्याच संध्याकाळी तपासायला बोलावले.

त्यांच्या घाईला कारण होते. अडुळशात व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. ते गर्भाशयाच्या आकुंचनाला चालना देते असे प्रयोगांतून दिसले आहे. खोकल्याच्या औषधांतील ब्रोमहेक्सिन याच द्रव्याच्या अभ्यासातून पुढे आले, त्यामुळे अडुळशाचा खोकल्यावरचा गुण खोटा नाही. पण जो गुण इतरांना उपयोगी आहे तोच गरोदर स्त्रीला नडतो. काकींनी पाने आणली ती निखळ मायेने. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते, आणि म्हणून ते येथे सविस्तर लिहिले आहे. अडुळशाचे तयार सिरप घरात असेल तर तेही विचारल्याशिवाय घेऊ नये.

खोकल्याचीच दुसरी वस्तू म्हणजे ज्येष्ठमध. त्यातील ग्लिसरायझिनमुळे अंगात पाणी धरून राहते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. गरोदरपणात रक्तदाब वाढणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. फिनलंडमध्ये, जेथे ज्येष्ठमधाची मिठाई घरोघरी खाल्ली जाते, तेथील सरकारी आहारसल्ल्यात गरोदर स्त्रियांना ती मोठ्या प्रमाणात किंवा सतत खाऊ नका असे सांगितले आहे. घसा बसला म्हणून ज्येष्ठमधाची काडी दिवसभर तोंडात धरून ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडावी.

गुळवेल आणि अश्वगंधा या दोन नावांनी करोनाच्या काळापासून पुष्कळ घरांत ठाण मांडले आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि तो वाद तज्ज्ञांमध्ये झाला. आपल्यापुरते पाहायचे तर, वाद चालू असलेली वस्तू गरोदरपणात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घेण्याची गरज नाही. अश्वगंधा तर सरळ टाळावी. पावसाळ्यात डेंगीची साथ आली की पपईच्या पानांचा रस पाजण्याचा आग्रह होतो. गरोदर स्त्रीला तो मुळीच देऊ नये, कारण डेंगी झाल्यास तिला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवण्याची गरज असू शकते, आणि घरगुती रसात गेलेला वेळ परत मिळत नाही. कोरफडीचा रस आणि जास्वंदीच्या फुलांचा चहा हेही याच यादीत धरावेत.

आणि बाळंतकाढा. नावातच तो कोणासाठी आहे ते सांगितले आहे, तरी चूक होते, कारण आठव्या-नवव्या महिन्यात माहेरी आलेल्या लेकीसाठी आई बाळंतपणाचे सामान आधीच भरून ठेवते आणि ‘आतापासून थोडा थोडा घेतला तर ताकद येईल’ असे कोणीतरी सुचवते. बाळंतकाढा, दशमूलारिष्ट यांसारखी औषधे बाळंतपणानंतर वैद्याच्या सांगण्यावरून घ्यायची असतात. शिवाय आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क तयार झालेला असतो. ती बाटली कपाटात वेगळी ठेवावी आणि तिच्यावर ‘बाळंतपणानंतर’ अशी चिठ्ठी चिकटवावी.

चौथी पायरी: जे चालते, ते मापात घ्यावे

सगळेच बंद करा असे म्हणण्याचा हा लेख नाही. सकाळच्या मळमळीला आले खरोखर उपयोगी पडते, आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनीही ते औषधाशिवायचा एक उपाय म्हणून मान्य केले आहे. ज्या अभ्यासांत आल्याचा गुण दिसला, त्यांतील मात्रा बहुधा दिवसाला सुमारे १ ग्रॅम सुंठीची होती, म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा, तीही दिवसभरात विभागून. ताज्या आल्याच्या तीन-चार पातळ चकत्या कपभर गरम पाण्यात टाकून दहा मिनिटांनी घोट घोट प्यावे. ज्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी, उदाहरणार्थ कमी मात्रेची ॲस्पिरिन, दिलेली आहे त्यांनी आल्याचा रोजचा चहाही डॉक्टरांना सांगूनच घ्यावा. उलट्या इतक्या होत असतील की पाणीही टिकत नाही आणि लघवी गडद होते, तर आल्याच्या भरवशावर घरी न बसता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

गवती चहाची एखादी पात नेहमीच्या चहात वासापुरती टाकली तर चालण्यासारखे आहे, मात्र जुडी उकळून पेलेच्या पेले पिऊ नयेत. तुळशीचेही तसेच. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी होती, आणि तेव्हापासून तो रोज सकाळी घेण्याची सवय अनेक घरांत राहिली आहे. गरोदर स्त्रीने ही सवय थांबवावी. वृंदावनातील दोन पाने प्रसाद म्हणून तोंडात टाकणे वेगळे आणि मूठभर पानांचा काढा रोज पिणे वेगळे. पुदिन्याचे पातळ पाणी पोटाला बरे वाटते, पण शेवटच्या महिन्यांत छातीत जळजळ होत असेल तर पुदिन्याने ती वाढू शकते. धणे-जिऱ्यांचे रात्री भिजवून गाळलेले पाणी बहुतेकांना सोसते.

कॅमोमाइल आणि रास्पबेरीच्या पानांचा चहा आता पणजी-मडगावच्या मोठ्या दुकानांत सहज मिळतो. परदेशातील नातेवाईकही प्रेमाने आणतात. कॅमोमाइल नियमित घेऊ नये. रास्पबेरीच्या पानांचा चहा कळा सुलभ करण्यासाठी शेवटच्या आठवड्यांत घेण्याची तिकडे प्रथा आहे, पण आपल्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय तिच्या मागे जाण्याचे कारण नाही.

किती कप? ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांना दिवसाला चार कपांपेक्षा अधिक हर्बल चहा घेऊ नका असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे कप लहान असला तरी उकळण्याची सवय जास्त आहे, म्हणून माझ्या मते एक किंवा फार तर दोन कप पुरेत, आणि एकच प्रकार रोज न घेता मध्ये दिवस सोडावेत. पेल्यात साखर किंवा गूळ किती पडतो तेही पाहावे. माडाचा गूळ असला तरी रक्तातील साखर तो वाढवतोच. गरोदरपणातील मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी करतात, पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान. ती चाचणी चुकवू नये.

पाचवी पायरी: लोहाची गोळी आणि चहा यांची गाठ पडू देऊ नये

या पायरीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि नुकसान मात्र रोज होत असते. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज, किमान १८० दिवस दिली जाते. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये हे लोह आतड्यात शोषले जाऊ देत नाहीत. हा दोष दुधाच्या चहापुरता नाही, पुदिना आणि कॅमोमाइलच्या चहातही ती द्रव्ये असतात. गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली तर तिचा मोठा भाग वाया जातो, आणि मग ‘गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना पंडुरोग असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले होते, तेव्हा ही बाब लहान समजू नये.

गोळी आणि कोणताही चहा यांत किमान एक तास, जमल्यास दोन तास ठेवावेत. लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतल्यास शोषण सुधारते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर लगेच चहा किंवा कशाय पिऊ नये.

सहावी पायरी: पावसाळ्यात साठवण तपासावी

गोव्याच्या पावसात मिठालाही पाणी सुटते, मग वाळवलेल्या पाल्याचे काय होत असेल? श्रावणात आमच्या घरी बिस्किटाच्या जुन्या डब्यातील कशायाची पूड उघडली तर वर भुरकट जाळे आणि खाली गोळे झालेले होते. वरचा थर काढून खालचे वापरू या, असा विचार घरात आला होता. तसे करू नये, कारण बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि उकळूनही नाहीसे होत नाही. पूड थोडी थोडी करावी, कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावी, ओला चमचा घालू नये, आणि कुबट वास आला तर पूर्ण टाकून द्यावी. ताजी पाने वाहत्या पाण्यात नीट धुवावीत. काजूच्या किंवा सुपारीच्या बागेतील पाला असेल तर तेथे फवारणी झाली होती का ते विचारावे. पेयासाठी पाणी खळखळून उकळलेले घ्यावे आणि गाळलेला चहा रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी पिऊ नये.

सातवी पायरी: तपासणीच्या वेळी यादी दाखवावी

पहिल्या पायरीत लिहिलेला कागद माता-बाल संरक्षण कार्डात ठेवावा आणि प्रत्येक तपासणीला बरोबर न्यावा. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले की आपण गोळ्यांची नावे सांगतो, कशाय सांगत नाही, कारण तो आपल्याला औषध वाटतच नाही. डॉक्टर रागावतील या भीतीनेही तो लपवला जातो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, फिट येणे यांची औषधे चालू असतील किंवा आधी गर्भपात झालेला असेल, तर ही माहिती लपवणे धोक्याचे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील नर्सबाईंनाही हा कागद दाखवता येतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तो दिवसही यासाठी सोयीचा आहे. गावठी वैद्यांचे औषध घ्यायचे असेल तर घटकांची नावे त्यांच्याकडून लिहून घ्यावीत. नावे सांगायला जो तयार नसेल त्याचे औषध घेऊ नये.

घरातल्या मोठ्यांना नाही म्हणताना मुलीला एकटे पाडू नये. हे काम नवऱ्याने करावे. ‘सासूबाई, डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत थांबायला सांगितले आहे, नंतर तुमच्याच हातचा कशाय घेईन’ असे तिने म्हटले तर बहुतेक घरांत विषय तेथेच संपतो, पण त्यापूर्वी नवऱ्याने आईशी बोलून ठेवलेले असावे.

कधी थांबावे आणि निघावे

कोणताही काढा प्यायल्यानंतर पोटात किंवा कंबरेत राहून राहून कळा येणे, रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोके प्रचंड दुखणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, डोळे पिवळे होणे, तळहात-तळपायांना न थांबणारी खाज सुटणे, छाती धडधडणे किंवा अंगावर पित्त उठून श्वास लागणे, यांपैकी काहीही झाले तर ‘उतारा’ म्हणून दुसरे काही पाजू नये आणि सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा रुग्णालय तसेच बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे ही सोय आहे. निघताना कार्डाबरोबर उरलेला काढा झाकणाच्या बाटलीत, पाकीट असेल तर पाकीट, आणि पाला असेल तर पानांसकट एक फांदी पिशवीत घालून न्यावी, म्हणजे काय पोटात गेले ते डॉक्टरांना लगेच ओळखता येईल.